कुंपणापलीकडची वही

फ्लॅट बुश या उपनगरातले आमचे शेजारी ब्रिटिश नौदलातले निवृत्त अधिकारी. जहाज सुटलं, पण नोंदवही सुटली नाही. बॅकयार्डात खुर्ची टाकून वारा, ढग, दिसलेली माणसं, सगळं वेळेसकट लिहायचे. शब्द चुकला तर गिरगटायचे नाहीत. एक सरळ रेघ मारून बाजूला सही करायचे. म्हातारपणी काय हा उद्योग, म्हणून मी हसायचो.

शनिवारी त्यांनी नेहमीसारखा 'किआ ओरा' असा नमस्कार केला नाही. कुंपणावरून उघडी वहीच पुढे केली.

'सोमवार, दुपारी दोन. वारा नैर्ऋत्येचा. शेजारचे वृद्ध गृहस्थ मागच्या पायरीवर रडत आहेत. मंगळवार, दुपारी दोन. पाऊस. तिथेच, रडत.'

पुण्याहून आलेले माझे बाबा. रोज ऑफिसातून आल्यावर मी विचारतो, "कसा गेला दिवस?"

"मस्त!"

त्या पानावर मी चूक खोडणारी ती सरळ रेघ शोधत राहिलो. शुक्रवारपर्यंतच्या नोंदींत कुठेच नव्हती.