त्रेचाळिसावी सही

ऑफिसात तिला सगळे ‘सुतळी’ म्हणत, आणि तेही तोंडावर. अंगकाठी तशी होती हे एक कारण. दुसरं म्हणजे, एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसलेल्या माणसांना एकत्र बांधून ठेवणं हेच तिचं काम होतं. राष्ट्रीय उद्यानातलं एक अख्खं खोरं पुन्हा पूर्वीसारखं करायचं होतं. साठेक वर्षांपूर्वी तिथली नदी सरळ करून दोन्ही अंगांना मातीचे उंच बांध घातले होते. ते फोडायचे, पाणी काढून नेणारे चर बुजवायचे, बाहेरून आणून लावलेली झाडं काढायची आणि नदीला तिची वळणं परत द्यायची. उद्यानाच्या हद्दीत लोकांची घरं होती, कुरणं होती. त्रेचाळीस मालक, चार सरकारी खाती, आणि मध्ये ही एकटी समन्वयक.

बैठकीत वनखात्याचे साहेब आणि पाटबंधारे खात्याचे साहेब हिच्या दोन बाजूंना बसत आणि हिच्यामार्फत बोलत. “त्यांना विचारा, त्यांची झाडं आमच्याच चरात का पडतात?” “त्यांना सांगा, झाडं पडायच्या आधी परवानगी घेत नाहीत.” मान इकडून तिकडे वळवून ती घरी येई तेव्हा नवरा विचारी, “आज कुठली बाजू दुखतेय? म्हणजे कोण जास्त बोललं ते कळेल.”

सहा वर्षं उंबरे झिजवून तिनं बेचाळीस मालकांच्या सह्या मिळवल्या. उरली एक. ती तिच्या सख्ख्या भावाची होती.

दादाची कुरणं खोऱ्याच्या अगदी खालच्या टोकाला. ती सोडून बाकीचा बांध फोडला तर पाणी भलतीकडेच जाणार, म्हणजे त्याच्या सहीवाचून सगळंच अडलेलं. तिथल्या घरातच ती वाढली होती. ती शिकायला शहरात गेली तेव्हा तिच्या वाटणीच्या गायींच्या धारा दादानंच काढल्या, आणि ते त्यानं कधी बोलूनही दाखवलं नाही. त्याच्याकडे एकवीस गायी होत्या. प्रत्येकीचा स्वभाव तो माणसाचा सांगावा तसा सांगे.

पूर मोजणाऱ्या इंजिनिअरनं दादाच्या जागेचा अहवाल तिच्या टेबलावर ठेवला तेव्हा एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. एरवी खालची दोन कुरणं भिजतील, पण दहा वर्षांतून एखाद्या वर्षी पाणी गोठ्यात शिरेल. “हे त्यांना नीट समजावून सांगा,” तो म्हणाला. “आणि सहीच्या आधी.”

“सांगते ना,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात ती दादाकडे गेली. माती उपसणारी यंत्रं कोरड्या दिवसांपुरतीच मिळणार होती. ती हुकली की वर्ष हातचं गेलं. दादा स्वयंपाकघरात दुधाच्या बरण्या विसळत होता. वहिनीनं खुर्ची पुढे केली, चहाचा कप हातात दिला.

“तुझा तो अहवाल राहू दे,” दादा हात पुसत म्हणाला. “आकडे मला कळत नाहीत. तू सांग, पाणी कुठपर्यंत येईल?”

“खालची दोन कुरणं.”

“आणि गोठा?”

तिनं कपाकडे पाहिलं. “गोठा उंचावर आहे, दादा.”

ते खोटं नव्हतं. गोठा उंचावर होताच. पुरेसा नव्हता, एवढंच तिनं सांगितलं नाही. सही होऊ दे, मग सावकाश बसून सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. दादानं चष्मा शोधला, तिनं बोट ठेवलं तिथे सही केली आणि वहिनीला म्हणाला, “आपलीच पोर आहे. वाईट करील का आपलं?”

बांध फुटले. पहिल्याच वर्षी नदी जुन्या वळणांनी फिरली, पाणथळीत बगळे आले, पाणमांजरांचे ठसे दिसले. दूरदूरची माणसं बघायला येऊ लागली. कौतुकाच्या त्या गडबडीत सावकाश बसून सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही, ती टाळत गेली.

तिसऱ्या वर्षी सलग नऊ दिवस पाऊस लागला. सकाळी दादाचा फोन आला. “पाणी गोठ्यात आलंय. गुडघाभर.”

ती इंजिनिअरला घेऊन धावली. गायी वरच्या रस्त्यावर काढल्या होत्या. एक म्हातारी गाय घसरून पडली होती, ती पुन्हा उठली नाही. दादा तिच्या मानेवर हात ठेवून चिखलात बसला होता. त्यानं इंजिनिअरला विचारलं, “असं होईल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का हो?”

इंजिनिअरनं हिच्याकडे पाहिलं. आळ त्यानं गपगुमान आपल्या अंगावर घेतला, आणि तिनं तो घेऊ दिला.

दोन महिन्यांत दादानं गायी विकल्या. गुडघे चालत नाहीत, असं कारण सगळ्यांना सांगितलं आणि वहिनीला घेऊन गावातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला.

अहवालातलं ते रेघ मारलेलं पान ती वर्षभर पर्समध्ये घेऊन फिरली. शेवटी एका दुपारी तिनं ते दादापुढे ठेवलं. “हे मला सहीच्या आधी माहीत होतं. त्या इंजिनिअरची काही चूक नाही. त्यानं बजावलं होतं मला.”

दादानं पेन्सिलीच्या रेघेवरून अंगठा फिरवला. वहिनी दारात थांबली.

“मी तरीही सही केली असती गं,” तो म्हणाला. “नदी बांधली तेव्हा आपले बाबा हळहळले होते. मला ठाऊक होतं ते. फक्त आधी गोठा वर हलवला असता. एका उन्हाळ्याचं काम होतं.”

ती रडू लागली. त्यानं तिला गप्प केलं नाही, रागावलाही नाही. वहिनीनं पाण्याचा पेला आणून ठेवला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती इंजिनिअरच्या टेबलापाशी जाऊन चारचौघांसमोर माफी मागून आली. आता दुसऱ्या खोऱ्यातल्या नव्या मालकाकडे जाताना ती अहवालातलं सगळ्यात वाईट वर्षाचं पान आधी उघडते. काही सह्या त्यामुळे मिळत नाहीत. साहेब कुरकुरतात, ती ऐकून घेते.

दर रविवारी ती दादाकडे जाते. दोघं गॅलरीत बसतात. तो शेजारच्या बांधकामाबद्दल बोलतो, लिफ्ट बंद पडते त्याबद्दल बोलतो. खोऱ्याचा विषय तो काढत नाही, आणि एकदा बघायला येतोस का, एवढं विचारायचा धीर तिला अजून झालेला नाही.