वाळवी न लागलेली कादंबरी

आमच्या वाचनालयातल्या त्या कादंबरीला वाळवी कधी लागलीच नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

भीमेच्या अलीकडे, शिरूर तालुक्यातलं आमचं गाव. मी तिथला ग्रंथपाल, म्हणजे झाडण्यापासून पुस्तकं शिवण्यापर्यंत सगळं मीच. त्या कादंबरीतल्या शहरात पुस्तकांवर बंदी येते. जाळपोळ होत नाही. दर आठवड्याला एक गाडी फिरते, गाडीतला माणूस नमस्कार करून पिशवी उघडतो आणि लोक आपणहून पुस्तकं टाकतात.

पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात संध्याकाळी वंदनेनंतर ग्रंथवाचन असतं. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या मावशी वाचतात. त्या वर्षी ग्रंथ मिटला की त्या या कादंबरीची चार पानं वाचू लागल्या आणि सकाळी ती वाचनालयात परत आणून ठेवू लागल्या. हळूहळू वरच्या आळीतल्या बायाही पायरीवर येऊन टेकायला लागल्या. असं गावात पूर्वी झालं नव्हतं.

मग ग्रामसभा आली. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा हेच गावचेही कारभारी. मागच्या सभेचा वृत्तांत न वाचताच त्यांनी "मंजूर" म्हटलं, तशी मागून एक बाई म्हणाली, "आली बगा गाडी!" सभा खदखदून हसली. पुढं आप्पांची जीप दिसली तरी लोक गालात हसायचे.

आप्पा वाचनालयात आले. आवाज चढवला नाही.

"त्या कादंबरीला वाळवी लागली आसंल बघ."

"व्हय आप्पा," मी म्हणालो. "लागली असंल."

कादंबरी घरी नेली. पिशवी माझीच होती.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. मावशी विचारायला आल्या, तेव्हा मी वाळवीचंच सांगितलं. "काय वो सर, वाळवीला बी नेमकं तेच गोड लागलं? शेजारचं लोणच्याचं पुस्तक तर कोरं करकरीत हाय." मी कपाटाचं कुलूप चाचपत राहिलो.

त्या रविवारी मावशी एसटीनं दौंडला गेल्या. त्यांचा भाचा रेल्वे कॉलनीत राहतो. चार दारं ठोठावल्यावर त्याच्या एका शेजाऱ्याकडे ती कादंबरी निघाली. दुसऱ्या दिवशी विहाराच्या पायऱ्या पुरल्या नाहीत, माणसं रस्त्यावर बसली. मीही मागं उभा होतो. शेवटी त्या शहरातली एक म्हातारी गाडीतल्या माणसाला विचारते, "तू घरी काय वाचतोस?" तो उत्तर देत नाही. तिथंच कादंबरी संपते.

"वाचत आसंल की," पायरीवरची एक म्हणाली. "पिशवीतलंच वाचत आसंल!"

सगळे हसले. मी ते प्रकरण घरी तीनदा वाचलेलं होतं.

आता ग्रामसभेत वृत्तांत पहिल्या ओळीपासून वाचला जातो. बाया मान हलवल्याशिवाय पुढं सरकू देत नाहीत. परवा आप्पाच म्हणाले, "बसा, गाडी न्हाई आली, वाचतोय." बाहेरगावची माणसं विचारतात, तुमच्या गावात पाहण्यासारखं काय? मी ग्रामसभा सांगतो, आणि सांगताना ऊर भरून येतो. एका कादंबरीनं हे केलं, आणि मावशींनी. त्यात माझा वाटा फक्त आडवं येण्याचा.

ती कादंबरी अजून माझ्या घरी, धान्याच्या कोठीमागं आहे. ती मावशींच्या हातात ठेवून वाळवी खोटी होती एवढं त्यांना सांगायचं, हे माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.