अण्णांचं ठासणीचं रिव्हॉल्व्हर

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन गोष्टींना कुणी नावं ठेवलेली खपत नाहीत: त्यांची तब्येत आणि रेणापूरच्या घरातलं इंग्रजी रिव्हॉल्व्हर. "अजून चालतंय की," दोन्हींबद्दल त्यांचं उत्तर एकच.

रिव्हॉल्व्हर ठासणीचं आहे. चाकाच्या पाच घरांत समोरून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागच्या बारक्या नळ्यांवर तांब्याच्या टोप्या बसवायच्या, मग चाप ओढायचा. वर 'लंडन' असं इंग्रजीत कोरलंय, पण त्या अक्षरांत इतक्या दसऱ्यांचं हळदीकुंकू भरलंय की लंडनसुद्धा सवाष्ण दिसतं. मुठीचं लाकूड चिरलंय, त्याला तार गुंडाळलीय. माझ्या आज्यानं हेच रोखून दारातले दरोडेखोर पळवले, ही गोष्ट आम्ही जेवणापेक्षा जास्त वेळा ऐकलीय.

यंदा माझ्या भावानं दसऱ्याच्या पूजेचा फोटो स्टेटसला टाकला. लई शहाणा! दसरा सरतोय न सरतोय तोच ठाण्यातून बोलावणं आलं. भाऊ नोकरीचं निमित्त करून नांदेडला पसार झाला आणि अण्णांना रिव्हॉल्व्हरसकट घेऊन जायची पाळी माझ्यावर आली.

फौजदार तरुण होते. त्यांनी सरळच सांगितलं, "बाबा, चालत असेल तर बिनपरवान्याचं हत्यार झालं, जमा करावं लागेल. चालत नसेल तर नुसती जुनी वस्तू. तसा जबाब द्या आणि घरी न्या."

जन्मभर 'चालतंय' म्हणणारा माणूस आता काय बोलणार? त्यांच्या बापाची तेवढीच एक वस्तू उरलीय, ती जाऊ नये म्हणून मीच पुढं झाले. "साहेब, घोडा हलत न्हाई, चाक फिरत न्हाई. दर दसऱ्याला करडईचं तेल घालून घालून सगळं डिंकासारखं चिकटून बसलंय."

"मग तेल काढलं की चालेल," फौजदार म्हणाले.

घ्या. करायला गेले एक अन् झालं भलतंच.

तेवढ्यात अण्णा नखानं चाकामागचं कुंकू खरवडायला लागले. "हे बघा साहेब. टोप्या बसवायच्या नळ्या. पाचीच्या पाची मोडल्यात. तेल काढा न्हाई तर तूप घाला, ह्यातनं बार निघत न्हाई. दरोडा आला तवा बी हे असंच व्हतं."

फौजदारांनी मोबाइलचा टॉर्च लावून नीट बघितलं.

"मग आजा दारात कशाच्या जिवावर उभा राहिला?" मी विचारलं.

"नुसताच हुबा ऱ्हायला. मी मागं, त्याचं धोतर धरून. ते लोक गेल्यावर त्यानं मला ह्या नळ्या दाखवल्या. म्हणला, कुणाला सांगू नगंस, लोक हसतील." अण्णांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. "म्या न्हाई सांगितलं. आज सांगावं लागलं."

आता साहेब हसणार म्हणून अण्णा मान खाली घालून बसले होते.

साहेब हसले नाहीत. खुर्चीवरून उठले, रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी उचलून अण्णांच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाले, "बाबा, भरलेलं घेऊन कुणीही दारात उभं राहतं."