नैरोबीमार्गे टोरांटो

बावीस वर्षं मी जहाजावर फिटर होतो. जहाज कधी सिंगापूरला धरायचं, कधी ब्राझीलमध्ये. तिथवर कंपनी विमानानं धाडायची. तिकीट कंपनीचं, पण माइल्स, म्हणजे फुकट तिकिटासाठी जमणारे गुण, माझ्या कार्डावर चढत. हे माझ्या गावीही नव्हतं. रिटायर होऊन गावी भाट्याला घरी बसलो, तेव्हा टोरांटोतल्या लेकीनं माझा ईमेल उघडून पाहिला आणि फोनवर ओरडलीच, "बाबा, एवढे माइल्स! आणि सहा महिन्यांत बाद होणार. आईला घेऊन या."

एकाच तिकिटात वाटेतल्या एखाद्या शहरी आठ-दहा दिवस थांबता येतं, हेही तिनंच सांगितलं. मला बायकोला रॉटरडॅम दाखवायचं होतं. ती कधी विमानात बसली नव्हती. मी हौसेनं सांगायला गेलो, तर भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "बंदर बघून मी काय करू? वाटेवर नैरोबी लागते काय?"

नैरोबीला तिची थोरली बहीण. नाट्याहून, त्यांच्या माहेरगावाहून, लग्न होऊन गेली, ती तिकडचीच झाली. आईच्या दिवसांनासुद्धा येऊ शकली नाही. आता गुडघे गेल्यामुळे घराबाहेरही पडत नव्हती. बायकोनं तिच्यासाठी कधी हट्ट धरला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मला ओशाळल्यासारखं झालं.

वेबसाइटवर नैरोबीचा थांबा बसेना. एक जागा दिसे, दोन नाहीत. मी रोज सकाळी चहाआधी बघायचो. तीन आठवड्यांनी दोन जागा दिसल्या, तसा लगेच फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, मुंबई, नैरोबी, तिथून युरोपात विमान बदलून टोरांटो. करू?"

"करा, करा!" बायको माझ्या आधी बोलली.

नैरोबीच्या विमानतळावर मेहुणी भाच्याच्या आधारानं उभी होती. "आलीस गो बाय!" एवढंच म्हणाली आणि दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून राहिल्या. पुढचे दहा दिवस त्या घरात नाट्याची बोली चालली. काही शब्द तर असे, की आमच्याकडेही आता कुणी बोलत नाही. भाचा हसून म्हणाला, "आई एवढी बोलते, हे मला माहीत नव्हतं."

निघताना मेहुणी म्हणाली, "माझं येणं आता कसलं? एवढं चालायचं कोणी?"

बायको अनुभवी प्रवाशासारखी म्हणाली, "चालायचं कशाला? मी बघितलंय ना मुंबईला. व्हीलचेअर सांगायची, अगदी दारापर्यंत नेतात."

लेकीकडे महिनाभर राहून आम्ही परतलो. थोडे माइल्स उरले होते. मेहुणीच्या येण्याच्या तिकिटाला ते पुरले. जाण्याचं भाचा काढणार आहे. परवा बायकोनं स्वतः विमान कंपनीला फोन करून व्हीलचेअर नोंदवली. शब्द जरा अडखळले, पण काम झालं. आता ती नाट्याच्या भावाला घर झाडून घ्यायला सांगते आहे.