तळहातावरचा गूळ

माझ्या धाकट्या जावेला, सरिताला, कोणी गुळाचा खडा दिला की ती तोंड फिरवते. गल्लीतल्या बाया म्हणतात, लय शिष्ट आहे. शिष्ट कसली, डोंबलाची! तिचं माहेर विंचूरकडचं. शाळा सुटली की वस्तीवरच्या पोरी पुंजामामाच्या शेडात जायच्या. मामा फक्त गावनात्याचा. जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं भट्टीत वितळवायचं, हा त्याचा धंदा. पोरींचे हात बारीक, म्हणून आतल्या पट्ट्या त्यांनी उपसायच्या. ना हातमोजा, ना तोंडाला फडकं. संध्याकाळी मामा एकेकीच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा. म्हणायचा, गुळानं धूळ उतरते. पोरी तो खडा त्याच काळ्या हातांनी चाटून चाटून खायच्या. जळलं मेलं ते प्रेम!

पुढे लग्न होऊन ती नाशकात, आमच्या सातपूरच्या घरी आली. बॅटरीला परत हात लावला नाही. दिवस राहिले तसं तिचं पोट सारखं दुखायचं, गोळ्या घेऊनही अंगात रक्त वाढेना. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा शेडाचं निघालं. तपासलं, तर रक्तात शिसं. मी भांडायलाच उठले. म्हटलं, इतक्या वर्षांनी कुठून येईल? बाई म्हणाल्या, शिसं हाडांत मुरून बसतं. पोटातलं बाळ आईच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं, त्याच्याबरोबर शिसंही सुटतं, आणि बाळाला पोसणारी वार त्याला अडवत नाही. लेकराला द्यायला आईनं हाडं झिजवावीत आणि त्यातून विष जावं! सरितानं दूध, गोळ्या, काही चुकवलं नाही. तरी मुलगी झाली ती चिमणीएवढी, आणि नाळेच्या रक्तात शिसं निघालंच. आता ती ऐकते कशी, बोलते कधी, यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं आहे.

बारशाला पुंजामामा आला. कडक इस्त्री, कपाळाला गंध. आता दर चैत्राला वणीच्या गडावर अन्नदान करतो म्हणे. करून करून भागला अन् देवपूजेला लागला! आणि सोबत काय आणावं मेल्यानं, तर गुळाची ढेप. मी पदर खोचून पुढे झाले, पण सरितानं मला हातानं मागं सारलं.

"मामा, तुमच्या सूनबाईला दिवस गेलेत ना?" तिनं विचारलं.

मामा खुलला. देवीची कृपा, म्हणाला.

"मग उद्यापासून तिला शेडात बसवा. हात बरबटले की त्याच हातांनी हा गूळ खाऊ घाला."

"येडी का काय तू? पोटातल्या लेकराचं काय होईल?"

सरितानं पाळण्यातली पोर उचलली आणि त्याच्या मांडीवर, इस्त्रीच्या धोतरावर ठेवली.

"हे होतं, मामा."