जिले सोसली नाही, तिची बहीण

सिरिंज भरून झाली होती. काचेची सिरिंज, उकळून गार केलेली, ट्रेमध्ये कापसाशेजारी ठेवलेली. कुसुमचा हात मी स्पिरिटने पुसला होता. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "ओके सिस्टर, टेस्ट डोस." तरी माझा हात सिरिंजकडे जाईना.

परवा फोनवर तुम्ही दोघांनी तक्रार केलीत की इंग्रजी व्याकरणातल्या हू, हूज आणि विचने डोकं उठवलंय. "आजी, याचा कधी कोणाला उपयोग झालाय का?" झालाय, बाळांनो. म्हणून हे लिहिते आहे.

रामदासपेठेतल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मी सर्जिकल वॉर्डची सिस्टर होते. तुमची आई तेव्हा शाळेतही जात नव्हती. कुसुम रामटेककडची, दहा-अकरा वर्षांची. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, पायात काटा मोडला, आत पिकला, पाऊल टम्म फुगलं. तापाने पोरगी निपचित पडून होती. पू काढायचा होता आणि त्याआधी पेनिसिलीन सुरू करायचं होतं.

पेनिसिलीन बहुतेकांना चालतं. काहींना मात्र अजिबात चालत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो आणि बघता बघता माणूस हातचा जातो. म्हणून आधी कातडीत थेंबभर औषध देऊन बघायचं. तोच टेस्ट डोस. पण ज्याला पूर्वी जोराची रिॲक्शन आलेली आहे, त्याला तो थेंबही द्यायचा नसतो. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला : आधी कधी त्रास झाला होता का?

मोठे डॉक्टर मद्रासकडचे, नागपुरात नवे. त्यांची हिंदी 'पानी' आणि 'दर्द' इथे संपायची. त्यांचे ज्युनिअर डॉक्टर पाध्ये पुण्याचे, हुशार आणि सदा घाईत. राउंडला दुभाष्याचं काम त्यांच्याकडे. त्यांनी कुसुमच्या आईला एका दमात विचारलं, "मुली किती तुम्हाला? पेनिसिलीनच्या सुईने कोणाला त्रास झाला होता का? बाकीच्या कुठं आहेत?"

आईनेही एका दमात सांगितलं, "दोन पोरी हायेत साहेब. मांगच्या साली दोघींलेही थे सुई देल्ली होती. जिले सोसली नाही, तिची बहीण घरी हाय."

पाध्ये वळून म्हणाले, "टू डॉटर्स, सर. द सिस्टर हू कुडन्ट टॉलरेट इट इज ॲट होम."

"गुड," मोठे डॉक्टर म्हणाले. म्हणजे जिला सोसत नाही ती घरी, आणि खाटेवरची सुरक्षित. त्यांच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता.

मी ट्रे धरून उभी होते आणि मला ऐकू येत होता फक्त आईचा 'तिची'. तो 'तिची' इंग्रजीत गेला कुठे?

"सर, वन मिनिट."

राउंडमध्ये सिस्टरने डॉक्टरांना थांबवायचं नसतं. मेट्रन मागेच उभ्या होत्या. पाध्ये हळूच मराठीत म्हणाले, "सिस्टर, मलाही मराठी येतं."

"येतंच, डॉक्टर. एकदाच विचारू द्या." मी आईकडे वळले. "बाई, सुईने गांधी कोणाच्या अंगावर उठल्या होत्या? हात लावून दाखवा."

तिने कुसुमच्या कपाळावर हात ठेवला. "हिच्या. थोबाड सुजलं होतं, दम लागला होता. थेच तं सांगून राहिली मी केव्हाची. काहून वं, साहेबाले समजलं नाही का?"

पाध्यांचा चेहरा उतरला. मोठ्या डॉक्टरांना काही कळेना. "व्हॉट इज इट?"

मी घाईने म्हणाले, "सर, द सिस्टर ऑफ द गर्ल हू हॅड द रिॲक्शन इज ॲट होम."

"हू हॅड इट? द गर्ल ऑर द सिस्टर?"

झालं! माझं वाक्य व्याकरणात चोख होतं, आणि तरीही दोन्हीकडे लागत होतं. मी श्वास घेतला. "सर, धिस गर्ल हॅड द रिॲक्शन. हर सिस्टर इज ॲट होम."

त्यांनी स्वतः ट्रे माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. "नो पेनिसिलीन," म्हणाले, आणि दुसरं औषध सांगितलं. खाटेवरच्या पाटीवर मी लाल पेन्सिलीने ते दोन शब्द मोठ्ठे लिहिले.

दुपारी चहाला पाध्ये आले. "सिस्टर, मराठी तर मला बरोबर कळलं होतं. मग चुकलं कुठे?"

मी सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मराठीत दोन शब्दांची जोडी असते : 'जिला' म्हणून गाठ सुरू होते आणि 'तिची' म्हणून ती बांधली जाते. कोणाची बहीण, ते 'तिची' सांगतो. इंग्रजीत एकटा 'हू' असतो, आणि तो सहसा लगतच्या मागच्या नावाला चिकटतो. पाध्यांनी तो 'सिस्टर'ला लगटून ठेवला, म्हणून रिॲक्शन बहिणीला गेली. 'हूज' वापरला असता तर निभावलं असतं : द गर्ल हूज सिस्टर इज ॲट होम हॅड द रिॲक्शन. म्हणजे जिची बहीण घरी आहे, तिलाच त्रास झाला.

"आणि तुमचं वाक्य?" पाध्ये हसून म्हणाले. "तेही सरांना कळलं नाही."

"म्हणून तर मी ते मोडलं."

पू निघाला, ताप उतरला, कुसुम लंगडत का होईना, चालत घरी गेली. पुढे पाऊल दाखवायला आली तेव्हा आई दोघींनाही घेऊन आली होती. पाध्ये समोर दिसताच तिने दोघींना ओळीत उभं केलं आणि एकेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पाहा साहेब. हे, जिले सोसत नाही थे. अन् हे तिची बहीण. आता तं समजलं ना?"

पाध्यांनी चक्क हात जोडले. मेट्रनसुद्धा हसल्या.

तेव्हा हू आणि हूज नीट शिका. पण जीव टांगणीला असेल तिथे ते वापरू नका. पूर्णविराम द्या आणि दुसरं वाक्य सुरू करा.