हजेरीत न ऐकलेलं नाव

अकोल्याच्या सुभद्राबाई मास्तरणींचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे आईवडिलांनंतर कोणाचेच नाहीत. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. बी. ए. होऊन अमरावतीला कचेरीत लागलो, तेव्हा वडिलांनी गावभर गूळ वाटला होता. पण माझ्याच मुलीच्या शाळेचं कोडं मला सुटलं नाही. ते या बाईंनी पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत एका प्रश्नानं सोडवलं. कृपा कशी येते ते मला सांगता येणार नाही. घडलं तेवढं लिहितो.

माझी सुमन जन्मापासून बहिरी. जिल्हा परिषदा नुकत्याच झाल्या होत्या, आणि भातकुलीजवळच्या आमच्या खेड्यात चार वर्ग एकाच खोलीत, एकाच हेडमास्तरांपुढं बसत. सुमन दुसरीत होती. पौष लागला आणि चिठ्ठी आली: मुलगी सतत गैरहजर असल्यानं तपासणीपूर्वी नाव कमी करण्यात येईल. मी चक्रावलो. ती तर रोज पाटी घेऊन जात होती. शाळेत जाऊन विचारलं, तर हेडमास्तर म्हणाले, "बाबूजी, हजेरीबुक पाहून घ्या. मी काय खोटं लिहून राहिलो?" मग हळूच म्हणाले, "अन् अशा लेकरानं तपासणीत शाळेचा निकाल पडते. नागपूर-मुंबईकडे असते म्हणतात त्याईच्यासाठी शाळा."

खरं कारण हेच, असं मी ठरवून टाकलं. कचेरीत राहून प्रत्येक कागदामागं कोणाचा तरी डाव शोधायची मला सवय लागली होती. तरीही त्या आठवड्यात मी कोणालाच सोडलं नाही. सुमनच्या आईवर संशय घेतला, की ही तिला शाळेपर्यंत नेते की वाटेतच सोडते? मग सुमनवर घेतला, की ही पाटी घेऊन कुठं दडून बसते? रात्री देवापुढं दिवा लागायचा तेव्हा वाटायचं, यालाही सगळं ठाऊक आहे आणि हाही मुद्दाम गप्प आहे. शाळा सुटली तर ही पोर उद्या कोणाच्या भरवशावर जगेल?

सुमनच्या आईचा नवस होता, म्हणून पौषातल्या रविवारी नाखुशीनं यात्रेला गेलो. सुमनचा हात मी घट्ट धरला होता. पूर्णेच्या घाटावर गर्दीचा एक लोंढा आला आणि तो सुटला. चौकीवर जाऊन सांगितलं, तसा भोंगा सुरू झाला: "हिरवा परकर, नाव सुमन, जिथं असशील तिथून चौकीवर ये." मी ओरडत होतो, "अहो, नाव काय पुकारता, तिले ऐकूच येत नाही!" तेवढ्यात एक पन्नाशीच्या बाई सुमनला हाताला धरून आल्या. पोरं पळवणाऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. मी सुमनला ओढून घेतलं.

"कोण तुमी? कुठी नेऊन राहिल्या होत्या इले?"

"नेत असती त भोंग्याकडे कायले आणली असती, भाऊ?" त्या हसल्या. "नाव पुकारून राहिले, अन् ही रेवडीच्या दुकानापुढं उभी. मान वळली नाही. म्हटलं, परकर त हाच आहे."

सुमनच्या आईनं त्यांना बसवून घेतलं. त्या अकोल्यात शिक्षिका होत्या. बोलता बोलता चिठ्ठीची गोष्ट निघाली. त्यांनी जराशानं विचारलं, "हजेरी घेताना मास्तर वर पाहतात का?"

पोर सापडली हे चौकीवर सांगायचं राहूनच गेलं होतं. भोंग्यावर अजून "सुमन, सुमन" चाललं होतं आणि सुमन माझ्या मांडीवर रेवडी चघळत होती.

"मी बडनेऱ्याले बहिणीकडे आहे. उद्या येते शाळेत," त्या म्हणाल्या. घरी परतताना मी बायकोला म्हटलं, "हेडमास्तराशी हिचं काही तरी जुनं वैर असन." ती म्हणाली, "तुमाले महादेव भेटला तरी त्याले विचारसान, कोनं धाडलं म्हून!"

सकाळी शाळेत पोचलो, तर बाई आधीच दारात उभ्या. आत हजेरी चालली होती. हेडमास्तरांची मान खाली, दौतीत टाक. सुमनचं नाव आलं. ती शेवटच्या रांगेत, गुरुजींच्या तोंडाकडंच पाहत बसली होती. जबाब नाही. टाकानं गैरहजेरीची खूण केली.

"गुरुजी, वर पाहा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पाहिलं. मग चिडून म्हणाले, "चार वर्ग हाकतो मी. एका पोरीसाठी रीत बदलवू का?"

साहेबापुढं कधी आवाज न चढवलेला मी बोलून गेलो, "बदलवा. अन् नाव कमी करायच्या आधी मले काऊन नाही बोलावलं? बाप आहो मी तिचा. शाळा तिचीबी आहे."

बाईंनी सुमनला फळ्यापुढं पहिल्या रांगेत बसवलं, शेजारच्या मुलीला समजावलं, की हिचं नाव आलं की खांद्याला हात लाव. हजेरी पुन्हा झाली. खांद्याला हात लागला आणि सुमनचा हात वर गेला. गुरुजींनी लिहिलेली खूण खोडली.

त्या दिवशी यात्रेत इतकी माणसं होती, त्यांत शाळेची मास्तरीणच का भेटावी? मी हे फार दिवस उकरत बसलो. मग सोडून दिलं. एवढंच कळलं, की मी घट्ट धरलेला हात सुटला तेव्हाच कोणीतरी तो धरला. शेवटी मी बाईंना पत्र लिहिलं, ते असं:

आदरणीय सुभद्राबाईंस, सा. न. वि. वि.

तपासणी झाली. साहेबांपुढं गुरुजींनी हजेरी घेतली. सुमनचं नाव आलं तेव्हा ते थांबले, मान वर केली आणि तिच्याकडं पाहिलं. शेजारणीचा हात खांद्याला लागायच्या आत सुमननं हात वर केला. आता ती त्यांच्या ओठांवर आपलं नाव ओळखते. तिसरीत गेली.

तुम्ही त्या दिवशी रेवडीच्या दुकानाशी कशा आलात, हे विचारायचं मनात होतं. आता विचारत नाही. येत्या पौषात घरी रोडग्यांचं जेवण करणार आहोत. या.

आपला,
सुमनचा बाप